बीकॉमच्या शेवटच्या वर्षातला पहिला रिझ्युम: कामाच्या नोंदी

बीकॉम तिसरं वर्ष, कोल्हापूर, पाचव्या सेमिस्टरची परीक्षा झालेली, नोकरी कधी केलेली नाही. जूनपासून कुठंतरी अकाउंट्सचं काम लागावं म्हणून रिझ्युम करायला घेतलाय. आमच्या वर्गातल्या निम्म्याहून जास्त पोरींचं हेच चाललंय आणि प्रत्येकजण शून्यापासून सुरू करतेय, म्हणून जे होईल ते तारखेनं लिहून ठेवतेय.

५ जानेवारी २०२५, रविवार

गावातल्या झेरॉक्स सेंटरमध्ये एक तयार फॉरमॅट आहे, सगळा गाव तोच वापरतो. नाव, वडिलांचं नाव, धर्म, जात, वैवाहिक स्थिती, मग शिक्षणाचा तक्ता, मग छंद, आणि शेवटी वरील माहिती खरी आहे म्हणून सही. टाइप करून दोन प्रिंट ५० रुपये. नमुना घरी आणून नीट वाचला. वाचणाऱ्याला ह्यातनं एवढंच कळतं की मी कुणाची मुलगी आहे आणि किती टक्के पडले. "अनुभव" ह्या शब्दापुढं "नाही" हे आधीच छापलेलंय, आपण काही सांगायच्या आधीच. तो फॉरमॅट सोडून दिला. शिवाय फाईल त्यांच्याच कॉम्प्युटरवर राहते, एक ओळ बदलायची तर परत चक्कर आणि परत पैसे. गूगल डॉक्समध्ये स्वतः करायचं ठरलं, फुकट आहे आणि मोबाईलवरही उघडतं.

८ जानेवारी

आधी लिहायला बसायचं नाही, आधी जाहिराती वाचायच्या असं केलं आणि ते बरं झालं. सीए ऑफिसच्या, शिरोली आणि गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या कारखान्यांच्या, एका पतसंस्थेची क्लार्कची. त्यात परत परत येणारे शब्द वहीत उतरवले: टॅली (हिशोबाचं सॉफ्टवेअर), जीएसटी, एक्सेल, व्हाउचर एन्ट्री (प्रत्येक व्यवहाराची नोंद), बँक रिकन्सिलिएशन (बँकेचं स्टेटमेंट आणि आपला हिशोब जुळवणं), रोजकीर्द (रोजच्या जमाखर्चाची वही), मराठी टायपिंग. मेहनती आणि प्रामाणिक पाहिजे हेही असतंच, पण ते कागदावर लिहून कुणी कुणाला पटवू शकत नाही, ते शब्द मी माझ्या यादीतनं काढून टाकले.

१२ जानेवारी, रविवार

आज वहीच्या दोन पानांवर मागच्या तीन वर्षांत जे जे काम केलं ते सगळं लिहिलं. पगार मिळाला का, हे काम म्हणायचं का, असला विचार न करता.

आईच्या बचत गटाची दफ्तरं मीच लिहिते, अकरावीपासून. इतिवृत्त, बचत नोंदवही, कर्ज नोंदवही, रोकड वही. ११ महिला, महिन्याला २०० रुपये बचत. मे महिन्याच्या आणि दिवाळीच्या सुट्टीत मामांच्या दूध संस्थेत सकाळच्या पाळीला बसते, लिटर, फॅट, एसएनएफ (दुधातला फॅट सोडून उरलेला घन भाग) भरायचं, दहा दिवसांची बिलं निघाली की तपासायची. मंडळाचा २०२४ च्या गणपतीचा जमाखर्च मी आणि भावानं मिळून केला. आणि एनएसएस (राष्ट्रीय सेवा योजना) दोन वर्षं, २४० तास आणि सात दिवसांचं शिबिर, शिबिरात गावच्या सर्व्हेचे फॉर्म भरून घेतले आणि नंतर त्यांची कॉम्प्युटरवर एन्ट्री केली.

पानं भरल्यावर मी बराच वेळ नुसती बघत बसले. हे सगळं हिशोबाचं काम आहे. जाहिरातीत रोजकीर्द लिहिता यायला पाहिजे म्हणतात आणि मी रोकड वही चार वर्षं लिहितेय, पण कुणी पगार दिला नाही म्हणून ते घरकामात धरलं गेलं. माझी एक मैत्रीण कॉलेजच्या ग्रंथालयात कमवा व शिका मध्ये काम करते, तिला तासाप्रमाणं मानधन मिळतं, तरी तिच्याही बायोडाटात अनुभव नाही असंच आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ ला रयत शिक्षण संस्था काढली ती स्वावलंबी शिक्षणाच्या पायावर, आणि त्याच मातीतली पोरं शिकताना केलेलं काम लिहायला लाजतात ह्याचं मला मनापासून वाईट वाटतं.

१५ जानेवारी

प्रत्येक कामाला पुरावा काय हे शोधायला लागले. एनएसएसचं प्रमाणपत्र कॉलेजमधनं मिळेल, अर्ज दिला. गटाच्या अध्यक्षा काकींनी गटाच्या शिक्क्यासकट पत्र दिलं, मजकूर मीच लिहून नेला होता, त्यांनी नीट वाचून दोन ठिकाणी बदलायला लावला आणि मग सही केली.

दूध संस्थेचं मात्र अडलं. अनुभवाचा दाखला मागितला तर मामा म्हणाले, "बाळ, तू पगारपत्रकावर न्हाईस, दाखला दिला तर ऑडिटला उत्तर मला द्यावं लागंल." बरोबरच आहे त्यांचं. मग ते काम नोकरी म्हणून लिहायचं नाही, सुट्टीतली मदत म्हणूनच लिहायचं ठरलं. आणि रिझ्युममधल्या भागाचं नावही बदललं, "अनुभव" च्या जागी "प्रत्यक्ष केलेलं काम". ह्या नावाखाली चारही गोष्टी खोटं न बोलता बसतात.

१९ जानेवारी, रविवार

कॉलेजच्या मॅडमना कच्चा कागद दाखवला. "एक्सेल येतं" ह्या ओळीवर त्यांनी बोट ठेवलं आणि विचारलं काय काय येतं, सेल लॉक करायला येतो का, सम-इफ (ठरावीक नावापुढचेच आकडे मिळवणारं सूत्र) येतं का. मला बेरीज आणि तक्ता एवढंच येत होतं. मॅडम म्हणाल्या ओळ काढ नाहीतर ती खरी कर. दुसरं करायचं ठरवलं, भावाचा जुना लॅपटॉप घेतला आणि गटाची कर्ज नोंदवहीच एक्सेलवर घ्यायला बसले.

२३ जानेवारी

ह्यात चार संध्याकाळी गेल्या पण सगळ्यात जास्त शिकणं इथंच झालं. गटात अंतर्गत कर्जाला महिना २ टक्के व्याज आहे, घटत्या शिल्लकेवर. १०,००० कर्ज, महिन्याला १,००० मुद्दल फेड, तर पहिल्या महिन्याला व्याज २००, दुसऱ्याला १८०, असं उतरत दहा महिन्यांत एकूण १,१०० होतं. माझ्या शीटमध्ये २,००० येत होते. फॉर्म्युला दर महिन्याला मूळ रकमेवरच व्याज लावत होता. तो शिल्लकेच्या रकान्याकडं वळवला तर पहिला महिना बरोबर आणि खाली सगळीकडं शून्य, कारण फॉर्म्युला खाली ओढला की व्याजदराचा सेलपण एकेक खाली सरकत होता आणि तिथं काहीच नव्हतं. दराच्या सेलला डॉलरची खूण लावून तो लॉक केला आणि बेरीज १,१०० आली, नोंदवहीला बरोबर जुळली.

मग सम-इफनं प्रत्येक सदस्याची वर्षाची बचत वेगळी काढली. पुढच्या बैठकीला काकींना लॅपटॉपवर दाखवलं, त्यांनी प्रत्येकीचा आकडा वहीशी ताडून बघितला. आता ती ओळ अशी झाली: "बचत गटाची कर्ज नोंदवही एक्सेलमध्ये तयार केली, घटत्या शिल्लकेवर व्याजाची आकारणी, सदस्यनिहाय बचतीची बेरीज". एक्सेल येतं हे वेगळं लिहायची गरजच उरली नाही.

३० जानेवारी

टॅली. क्लासची फी ४,५०० सांगितली, तेवढे सध्या नाहीत. टॅली प्राइम एज्युकेशनल मोडमध्ये फुकट चालतं, लायसन्स लागत नाही, पण त्यात महिन्याची १, २ आणि ३१ ह्या तारखांनाच एन्ट्री घेतं. मंडळाचा गणपतीचा जमाखर्च त्यात घालायचा होता, आणि २०२४ चा गणपती ७ ते १७ सप्टेंबर. सप्टेंबरला ३१ तारीखच नाही, म्हणजे फक्त १ आणि २.

उपाय असा काढला: जमा सगळी १ तारखेला, खर्च सगळा २ तारखेला, आणि खरी तारीख आणि पावती नंबर प्रत्येक व्हाउचरच्या खाली नॅरेशनमध्ये, म्हणजे शेऱ्यात. रोजची शिल्लक ह्यातनं कळत नाही, पण लेजर (खातेवही) आणि एकूण जमाखर्च बरोबर येतो. सरावाला पुरेसं आहे. ज्यांना रोजकीर्दीचा सराव पाहिजे त्यांनी कॉलेजच्या लॅबमधलं लायसन्सवालं टॅली वापरावं, आमच्या लॅबमध्ये दुपारी तीननंतर मशीन मोकळी असतात.

४ फेब्रुवारी

एन्ट्र्या पूर्ण झाल्या आणि रोख शिल्लक जुळेना. टॅलीतली रोख हातातल्या रकमेपेक्षा ५०१ नं जास्त आणि बँकेच्या स्टेटमेंटमध्ये टॅलीपेक्षा ५०१ जास्त. वर्गणीची एकूण रक्कम बरोबर होती म्हणून गणपतीनंतर कागदावर हिशोब केला तेव्हा हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. दोन्ही पावती पुस्तकं स्टेटमेंटसमोर ठेवून एकेक टिक केली. एका घरानं क्यूआर कोडवर ५०१ पाठवलेले, पावती फाडणाऱ्यानं पावतीवर रोख लिहिलेलं. व्हाउचर रोखीतनं बँकेत फिरवलं, दोन्ही शिल्लका जुळल्या.

पुस्तकात बँक रिकन्सिलिएशन वाचलेलं, मार्कही चांगले पडलेले, पण ते ५०१ सापडले तेव्हा पहिल्यांदा वाटलं की हे मला येतं. मंडळाच्या अध्यक्षांना सांगितलं. वर्गणी गोळा करायला धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते आणि नंतर हिशोबही द्यावा लागतो, त्यामुळं त्यांनी टॅलीतली प्रिंट ठेवून घेतली.

९ फेब्रुवारी, रविवार

आज ओळी लिहिल्या. पद्धत अशी ठेवली की आधी मराठीत, आई समोर बसलेली, तिला कळेल असं सांगायचं आणि मग तेच इंग्रजीत करायचं. जी इंग्रजी ओळ मला मराठीत आईला सांगता येत नाही ती घ्यायची नाही. वरचं "करिअर ऑब्जेक्टिव्ह" ह्यातच उडालं. "आव्हानात्मक वातावरणात माझ्या क्षमतांचा पूर्ण वापर" वगैरे, आईनं विचारलं म्हणजे काय करणार, मला सांगता येईना. त्या जागी दोनच ओळी: बीकॉम शेवटचं वर्ष, जूनपासून पूर्णवेळ उपलब्ध, अकाउंट्स विभागात ट्रेनी म्हणून काम पाहिजे.

आकडे फक्त वहीत सापडतील तेच घेतले. दूध संस्थेत सकाळी किती उत्पादक येतात ते मी दीडशे धरून चालले होते, मामांकडनं मागच्या मे महिन्याची बिलं बघितली तर ११० च्या आसपास. ११० च लिहिलं.

१३ फेब्रुवारी

सजावटीचे दोन दिवस वाया गेले ते लिहून ठेवते म्हणजे बाकीच्यांचे वाचतील. कॅनव्हावरचं दोन रकान्यांचं टेम्प्लेट घेतलेलं, डाव्या बाजूला निळी पट्टी, कौशल्यांपुढं पाचपैकी चार तारे. दिसायला फार छान. मग एक तपासणी केली: पीडीएफ उघडून सगळा मजकूर कॉपी केला आणि नोटपॅडमध्ये पेस्ट केला. मोठ्या कंपन्यांत आणि पोर्टलवर आधी सॉफ्टवेअर वाचतं, त्याला जवळपास असंच दिसतं. शिक्षणाच्या मध्येच फोन नंबर घुसलेला, तारे गायब, दोन रकान्यांतल्या ओळी एकमेकींत मिसळलेल्या.

आणि चार तारे टॅलीला म्हणजे नक्की काय, हेही मला सांगता आलं नसतं.

परत गूगल डॉक्स. एक रकाना, तक्ता नाही, साधा फॉन्ट ११ साइज, नाव फक्त मोठं, सगळं एका पानावर. नोटपॅडमध्ये ओळ न ओळ क्रमानं आली. वर्गातली एकजण प्रिंटचा मोबाईलच्या स्कॅनर ॲपनं फोटो काढून पीडीएफ करून पाठवत होती, तिच्या फाईलमधनं एक अक्षरही कॉपी झालं नाही, तो नुसता फोटो असतो. फाईल डॉक्समधनंच पीडीएफ म्हणून डाउनलोड करायची.

१६ फेब्रुवारी, रविवार

मार्कांचं. तिसऱ्या सेमिस्टरला एक पेपर राहिलेला, पुढच्या परीक्षेला निघाला. ते लिहायचं का ह्यावर घरात बरीच चर्चा झाली. सध्या सगळे पेपर सुटलेले आहेत, म्हणून पाचव्या सेमपर्यंतचा सीजीपीए (सगळ्या सेमिस्टरची ग्रेडची सरासरी) लिहिला आणि एटीकेटीची, म्हणजे राहिलेल्या पेपरची, ओळ घातली नाही, पण विचारलं तर सरळ सांगायचं, मार्कलिस्टवर दिसतंच ते. टक्केवारी नेटवरच्या कुठल्यातरी कॅल्क्युलेटरनं काढू नका, प्रत्येक विद्यापीठाचं सूत्र वेगळं असतं, मी कॉलेजच्या परीक्षा विभागात विचारून घेतलं.

बाकी बारीक गोष्टी पटापट झाल्या. ईमेल आयडी नवा, नाव आणि आडनाव एवढाच. पत्त्यात फक्त गाव आणि तालुका. आधार, पॅन, जात, वडिलांचा व्यवसाय ह्यातलं काही नाही, कागद कुणाकुणाच्या हातात जाईल सांगता येत नाही. छंदही काढले.

१९ फेब्रुवारी

पतसंस्थेला मराठीत अर्ज आणि फोटो पाहिजे होता, तो वेगळा केला. मराठी टायपिंग वेळेत व्हावं म्हणून शहरातल्या एका दुकानातनं करून घेतलं, ६० रुपये. घरी येऊन मोबाईलवर वर्डची फाईल उघडली तर अक्षरांच्या जागी नुसता कचरा. त्यांनी जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं, तो फॉन्ट ज्या मशीनवर नाही तिथं वाचताच येत नाही. ते ६० रुपये गेलेच. रात्री बसून गूगलच्या मराठी कीबोर्डवर सगळं परत टाइप केलं, पीडीएफ केली, तीन वेगवेगळ्या मोबाईलवर उघडून बघितली. जोडाक्षरं सगळीकडं बरोबर.

२३ फेब्रुवारी, रविवार

आत्याचा दादा पुण्याहून आलेला, तो कंपनीत अकाउंट्सलाच आहे. त्याच्या हातात कागद दिला आणि म्हणलं प्रत्येक ओळीला प्रश्न विचार. "दहा दिवसांची बिलं तपासली, म्हणजे काय बघितलंस?" लिटर गुणिले दर, दर फॅट आणि एसएनएफच्या तक्त्यातनं, त्यातनं पशुखाद्याची कपात वजा, हे मी सांगितलं तर तो म्हणाला मग हेच लिही की. तपासली हा शब्द गेला आणि कपातीसकट रक्कम पडताळली असं आलं. "जीएसटीचं ज्ञान" ह्यावर दोन प्रश्नांत मी थांबले. ती ओळ "जीएसटी, अभ्यासक्रमापुरतं" अशी केली. दादाला वाटत होतं काढूनच टाक, मला वाटलं जाहिरातीत मागतात तर जेवढं येतं तेवढं खरं लिहावं. माझंच ठेवलं.

२६ फेब्रुवारी

एका कन्सल्टन्सीचा फोन आला, रिझ्युम चांगला आहे, मुलाखत नक्की, आधी ९९९ रुपये नोंदणी. दिले नाहीत. कामाला ठेवणारा माणूस आधी पैसे मागत नाही. वर्गातल्या दोघींनी दिले होते आणि नंतर त्यांना फोनच लागेना, म्हणून हे मुद्दाम लिहितेय.

महास्वयम् हे राज्य सरकारचं नोकरीचं पोर्टलही बघितलं. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना २०२४ ला आली, तिच्यात पदवीधराला महिना १०,००० विद्यावेतन ठरलेलं, पण शिक्षण चालू असलेल्यांना ती नाही. निकाल लागला की तेव्हा काय चालू आहे ते बघायचं.

१ मार्च

सहा ठिकाणी पाठवला. नुसती फाईल जोडून रिकामा ईमेल नाही पाठवला, चार ओळी लिहिल्या: कुठली जाहिरात, मी कोण, त्यांनी मागितलेल्यापैकी मी काय केलंय, कधीपासून येऊ शकते. प्रत्येक ठिकाणी त्या तिसऱ्या ओळीत फरक. सीए ऑफिसला ५०१ चा रिकन्सिलिएशन, पतसंस्थेला गटाची कर्ज नोंदवही. फाईलचं नाव माझं नाव आणि पद, नुसतं रिझ्युम फायनल असं नाही.

११ मार्च

एका सीए ऑफिसमधनं बोलावणं आलं, राजारामपुरीत. सरांनी मार्कांबद्दल जवळजवळ काहीच विचारलं नाही. "बचत गटाचं व्याज कसं काढलंस ते कागदावर दाखव" म्हणाले. दहा महिन्यांचा तक्ता हातानं काढून दिला. मग मंडळाचे ५०१ कसे सापडले ते विचारलं, मग म्हणाले पावती पुस्तक मिळालं नसतं तर? मी म्हणलं स्टेटमेंटवर पाठवणाऱ्याचं नाव येतं, त्या नावानं वर्गणी यादी बघितली असती. त्यांनी मान हलवली. एटीकेटीचं विचारलं, सांगितलं, पुढं काही नाही.

जूनपासून सहा महिने ट्रेनी, महिना ७,०००. पतसंस्थेकडनं अजून काही नाही, कारखान्यांपैकी एकानं अनुभवी पाहिजे म्हणून कळवलं, बाकीच्यांचं उत्तर नाही.

१६ मार्च, रविवार

खर्च लिहून टाकते. वाया गेलेलं मराठी टायपिंग ६०, प्रिंट आणि झेरॉक्स ८५, पासपोर्ट फोटो ४०, एसटीचं अर्धं तिकीट धरून जाण्यायेण्याचे २४०. एकूण ४२५ रुपये. वेळ सगळ्यात जास्त गेला एक्सेल आणि टॅलीत, आणि तो जायलाच पाहिजे होता. कमी वेळात करायचं असेल तर सजावट वगळा, जाहिराती आणि कामांची वही वगळू नका.

गटातल्या दोन काकींच्या मुली पुढच्या रविवारी येणार आहेत, एक बारावीनंतर घरीच आहे, दुसरी आयटीआयला. त्यांना रिझ्युमचा नमुना आधी देणार नाहीये. मोठीनं कोरोनात गावच्या रेशन दुकानात याद्या लिहिल्या होत्या, ते तिला आठवतंय का तिथनं सुरुवात करू.